आमदाराला सहा वर्षे, वॉचमनला जन्मभर

गुन्ह्यात शिक्षा झालेल्या पुढाऱ्यांना निवडणूक लढवायला जन्मभर बंदी घाला, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात आहे. तिला उत्तर म्हणून केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५मध्ये प्रतिज्ञापत्र दाखल केले. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार शिक्षा भोगून सुटल्यावर सहा वर्षे उमेदवाराला अपात्र ठरवले जाते. ही मुदत सहा वर्षांची असावी की आयुष्यभराची, हे संसदेने ठरवायचे, असे सरकारचे म्हणणे. त्याला जोडून एक तात्त्विक मुद्दाही मांडला गेला. शिक्षेच्या परिणामांना मुदत घातली की जरबही बसते आणि वाजवीपेक्षा जास्त जाचही होत नाही, असा त्याचा आशय. हे वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आमच्या पडल्या नाहीत, कारण युक्तिवाद सोळा आणे खरा आहे.

गुन्ह्याची शिक्षा न्यायालय ठरवते, ती गुन्हेगार भोगतो. त्यानंतरही काही काळ त्याच्यावर नजर ठेवायची असेल, तर त्या काळाला कुठे तरी शेवट हवा. आमची तक्रार एवढीच, की हे शहाणपण उमेदवारी अर्जापाशी येऊन थांबते. त्याच तुरुंगातून, त्याच दिवशी सुटलेला दुसरा एखादा माणूस आमदारकी मागत नसतो. एखाद्या सोसायटीच्या फाटकावर रात्रपाळीची वॉचमनकी मिळाली तरी त्याचे भागते. त्याच्यासाठी मात्र सहा वर्षांचा हिशेब कोणी मांडलेला नाही. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५चा कायदा आहे. रखवालदार नेमण्यापूर्वी त्याच्या चारित्र्याची आणि पूर्वेतिहासाची खातरजमा करा, असे तो संस्थेला बजावतो. खातरजमा जरूर करावी. पण न्यायालयाने दोषी ठरवलेल्याला रखवालदार नेमूच नये, असेही तोच कायदा सांगतो, आणि त्या बंदीला मुदत नाही. एजन्सीचा मॅनेजर दाखल्यावर नजर टाकतो आणि पुढच्या उमेदवाराला हाक मारतो. शिक्षा होऊन वीस वर्षे झाली असली तरी त्याच्या लेखी ती कालच झालेली असते.

वॉचमनकी नाही तर रिक्षा चालवावी, तर बॅजसाठी पोलिसांची चारित्र्य पडताळणी. घरपोच सामान पोचवणाऱ्या कंपन्यांत जावे, तर तिथे ‘बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन’. भाड्याची खोली घ्यावी, तर भाडेकरूची माहिती आधी पोलीस ठाण्यात. यातली प्रत्येक अट सुटी पाहिली तर कोणाही समंजस माणसाला पटेल. अडचण त्यांच्या बेरजेची आहे. या सगळ्या अटी एकाच माणसाला एकाच आठवड्यात भेटतात, तेव्हा न्यायाधीशाने न लिहिलेली दुसरी शिक्षा सुरू होते. तिच्यात माफीचे दिवस धरले जात नाहीत, पॅरोल मिळत नाही आणि ती कधी संपली हे सांगणारा कागदही कोणी देत नाही.

सरकारी नोकरीचा रस्ता तर आणखी वळणांचा. निवड झाल्यावर उमेदवाराला ‘साक्षांकन नमुना’ भरून द्यावा लागतो. नाव, गाव, शाळा, मागची वास्तव्ये असे रकाने भरत गेले, की मधेच प्रश्नांची एक रांग लागते. आपणास कधी अटक झाली होती काय? आपल्यावर खटला भरण्यात आला होता काय? न्यायालयाने आपणास दोषी ठरवले होते काय? पुढे ‘होय/नाही’, आणि ‘होय’ असल्यास तपशील. खोटी माहिती दिली किंवा माहिती दडवली तर अपात्र ठराल, असा इशारा नमुन्यातच असतो. इथे माणूस पेन हातात धरून बसून राहतो. खरे लिहिले तर नोकरी मिळण्याची खात्री नाही आणि दडवले तर मिळालेली टिकण्याची नाही.

अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१६मध्ये या पेचाचा सविस्तर विचार केला. माहिती दडवणाऱ्याला काढून टाकता येते. मात्र किरकोळ गुन्हा असेल, तर मालकाने तारतम्याने तिकडे दुर्लक्ष करायला हरकत नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्याच निकालात हेही आहे, की ज्याने प्रामाणिकपणे सगळे सांगितले त्याचाही पूर्वेतिहास मालक विचारात घेऊ शकतो. त्याला नेमलेच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. म्हणजे शेवटी सारे वरिष्ठाच्या तारतम्यावर. आणि आपल्या कार्यालयांतला वरिष्ठ तारतम्य दाखवून उद्या चौकशीला तोंड देण्यापेक्षा नकाराचे पत्र टंकून मोकळा होणे पसंत करतो. त्याला दोष तरी किती द्यावा? नेमणूक दिली आणि काही बिनसले तर जबाब त्याने द्यायचा. नाकारली तर त्याला जाब विचारायला कोणीही येत नाही.

न्यायालयाने याहून मोकळे मन दाखवल्याचेही उदाहरण आहे. दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबलच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या एका तरुणाने मारामारीच्या जुन्या प्रकरणाचा उल्लेख अर्जात केला नव्हता. त्या प्रकरणात तडजोड होऊन तो सुटलाही होता. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तरुणपणी माणसाच्या हातून चुका होतात, त्यासाठी त्याच्यावर जन्माचा शिक्का मारू नये, हे सांगताना न्यायालयाने व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’मधल्या जाँ व्हालजाँची आठवण काढली. भाकरी चोरण्यापायी तुरुंगात गेलेल्या त्या माणसाला सुटताना पिवळ्या रंगाचा परवाना मिळतो. नव्या गावी गेले की तो दाखवायचा, आणि तो पाहिला की खाणावळीचे दार बंद. परवाना पाहून दार लावून घेणारा खाणावळवाला कादंबरीतच राहिला असे कोणाला वाटत असेल, तर त्याने आपल्याकडच्या पडताळणीच्या दाखल्याचा प्रवास एकदा पाहावा.

आता या दाखल्याच्या जाळ्यात कोण सापडते तेही पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती. त्यांतली ४ लाख ३४ हजार, म्हणजे चारांतली तीन, कच्चे कैदी होते. त्यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा होता. त्यांतले बरेच जण पुढे निर्दोष सुटतील. पण सुटकेचा निकाल गावभर दवंडी पिटून जात नाही. अटकेची बातमी मात्र फोटोसकट गेलेली असते आणि मोबाइलवर नाव टाकताच आजही वर येते. साक्षांकन नमुना तर दोषसिद्धीच्याही आधी अटकेचे विचारतो. ‘निर्दोष’ या शब्दाला न्यायालयात जी किंमत आहे ती भरतीच्या खिडकीवर नाही. आणि जामिनासाठी वकील परवडत नाही म्हणूनच दोन वर्षे आत राहिलेल्या पोराच्या वयातली तेवढी वर्षे अर्जात कोरी दिसतात. मुलाखत घेणारा त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारतो, इथे काय करत होतास?

महाराष्ट्राने हे ओझे पिढ्यान्पिढ्या वाहिलेले आहे. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला त्यांच्या वस्तीभोवती तारांचे कुंपण होते, हजेरी होती. कायदा १९५२ साली गेला, पण चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कोणत्या वस्तीवर जाते हे लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’च्या वाचकांना सांगायला नको. एकदा शिक्का उमटला की मूळ कायदा रद्द झाला तरी तो पुसला जात नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा कुठे शोधायचा?

इकडे तुरुंगाच्या आत मात्र कामाला तोटा नाही. सुतारकाम, विणकाम, शिवणकाम, बेकरी, शेती: येरवडा, नाशिकरोडसारख्या मध्यवर्ती कारागृहांतले कारखाने वर्षभर चालतात. नाशिकरोडच्या गणेशमूर्तींना तर दरवर्षी गिऱ्हाईक असते. तुरुंगाच्या सुतारखान्यातल्या टेबलखुर्च्या सरकारी कार्यालयांत जातात. येरवड्याच्या कारागृह मुद्रणालयात सरकारी कोरे नमुने छापले जातात. एखाद्या सुटून आलेल्या सुताराचा अर्ज ज्या टेबलावर बाजूला सारला जातो, ते टेबल कदाचित त्यानेच रंधा मारून गुळगुळीत केलेले असेल. त्याने बनवलेली वस्तू सरकारला चालते. ती बनवणारा चालत नाही.

महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२मध्ये कैद्यांसाठी ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना आणली. सुरुवात येरवड्यातून झाली. ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज, व्याज सात टक्के, परतफेड तुरुंगात मिळणाऱ्या मजुरीतून. घरच्यांचे आजारपण, मुलांचे शिक्षण, वकिलाची फी यांसाठी कैद्याला सावकाराच्या दारी जावे लागू नये, हा हेतू. योजना चांगलीच आहे. पण तिच्यात एक धडा दडलेला आहे. बँकेने कैद्यावर विश्वास टाकला, कारण त्याचे काम आणि मजुरी पक्की होती. तोच माणूस फाटकाबाहेर पाऊल टाकतो तेव्हा ती मजुरी थांबते आणि पतही जाते. गजांआड पतदार आणि मोकळ्यावर नादार, अशी ही गंमत आहे. पुनर्वसनावर आपल्याकडे कमी लिहिले गेलेले नाही. न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३च्या अहवालात सुटकेनंतरच्या देखभालीचा आग्रह धरला. २०१६च्या आदर्श कारागृह नियमावलीत तर त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. पण या सर्व कागदांची हद्द तुरुंगाच्या फाटकापाशी संपते. खरी परीक्षा तिथून पुढे.

कैद्याला भिंतीबाहेर काम देण्याची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून येऊन इथल्या मातीत मिसळून गेलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने खुनासारख्या गुन्ह्यांतल्या कैद्यांना बेड्यांविना, भिंतींविना माणदेशच्या माळावर शेती करायला नेले गेले. ही खुली वसाहत आजही आहे. कैदी तिथे बायकामुलांसह राहतात आणि जमीन कसतात. याच प्रयोगावरून माणदेशच्याच ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली, आणि १९५७ साली व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

त्या चित्रपटाच्या गाण्याने आणि जेलरच्या करारी डोळ्यांनी आपण इतके भारावतो, की त्यातली एक साधी गोष्ट नजरेतून निसटते. सहा खुनी माळरान फोडतात, पीक काढतात, जेलरशी इमान राखतात. तिथवर सगळे सुरळीत असते. संकट येते ते भाजी घेऊन बाजारात बसल्यावर. रास्त भावात माल विकणारे हे नवे लोक तिथल्या व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत खुपतात आणि त्यांना मारहाण होते. सुधारण्याचे काम माळावर झालेले असते. सामावून घेण्याचे काम बाजाराने करायचे असते, आणि तो ते करत नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या कथाकाराला जे दिसले ते अजून आपल्या धोरणात आलेले नाही. कैद्याला सुधारण्यासाठी योजना आहेत, बाजाराला सुधारण्यासाठी एकही नाही.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला पीडितांचा. ज्या घरातला माणूस गेला, जिच्यावर अत्याचार झाला, त्यांनी गुन्हेगाराची घडी बसताना का पाहायची? या रागापुढे शहाजोगपणाने बोलू नये. पण तो राग शांत करण्याची जबाबदारी न्यायालयाने दिलेल्या शिक्षेवर आहे. ती अपुरी वाटत असेल तर वाढवून मागावी, अपील करावे. ती संपल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरीने स्वतःची वेगळी शिक्षा सुनावणे हा त्यावरचा उपाय नव्हे. शिवाय भरपाई करण्यासाठीही कमाई लागते. कैद्यांच्या मजुरीतला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८मध्येच सुचवले आहे. रिकाम्या हाताकडून कोणाला काय मिळणार?

दुसरा आक्षेप मालकांचा: उद्या काही झाले तर? भीती खरी आहे, म्हणूनच तिचे उत्तर भावनेने देता येत नाही, कायद्याने द्यावे लागते. ब्रिटनने ते १९७४ साली दिले. गुन्हेगारांच्या पुनर्वसनाच्या त्यांच्या कायद्यानुसार ठरावीक काळ नवा गुन्हा न करता गेला, की जुनी शिक्षा ‘सरली’ असे मानतात. मग बहुतेक नोकऱ्यांच्या अर्जात ती सांगण्याची सक्ती राहत नाही, आणि तिच्यावरून माणसाला नाकारता येत नाही. ऑक्टोबर २०२३पासूनचे गणित असे: एक वर्षापर्यंत कैद झाली असेल तर ती भोगून झाल्यावर आणखी एक वर्ष, एक ते चार वर्षांच्या कैदेसाठी चार वर्षे, त्याहून मोठ्या शिक्षेसाठी सात. गंभीर लैंगिक, हिंसक आणि दहशतवादी गुन्हे यातून वगळलेले. मुलांच्या किंवा असहाय माणसांच्या सान्निध्यातल्या नोकऱ्यांना वेगळे, कडक नियम. मधल्या काळात पुन्हा गुन्हा केला तर मुदत लांबते. सवलतीच्या पोटात धाकही आहे, आणि तिची लेखी मर्यादा माणसाला माहीत आहे. त्याच देशात चपला दुरुस्त करणारी आणि किल्ल्या बनवणारी ‘टिंपसन’ ही दुकानांची साखळी आहे. तिचे साधारण दहांतले एक कर्मचारी तुरुंगातून आलेले. ही कंपनी चालवणारे जेम्स टिंपसन २०२४मध्ये तिथले तुरुंगमंत्री झाले. घरांच्या किल्ल्या ज्यांच्या हाती द्यायला लोक कचरत असतील, त्यांच्याकडूनच तिथे लोक किल्ल्या बनवून घेतात.

हे परदेशी फॅड आहे असेही कोणी म्हणू नये. आपल्या १९५८च्या परिवीक्षा कायद्यात तरतूद आहे, की चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटणार नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्यात बालकांची अपात्रता दूर होते आणि मुदतीनंतर नोंदही नष्ट करायची असते. प्रौढांसारखा खटला चाललेली सोळा वर्षांवरची मुले तेवढी त्याला अपवाद. नव्याने सुरुवात करण्याचा हक्क त्या कायद्याने तत्त्व म्हणून लिहून ठेवला आहे. म्हणजे तत्त्व मान्य आहे. अल्पवयीनांना मिळते, परिवीक्षेवर सुटलेल्यांना मिळते, लोकप्रतिनिधींना मिळते. तुरुंगात शिक्षा पुरी भोगून आलेल्या साध्या माणसाला तेवढे मिळत नाही. सगळ्यांत जास्त किंमत मोजली त्यानेच, आणि हिशेब अपुरा धरला जातो तोही त्याचाच.

ब्रिटनसारखा कायदा करायचा तर दिल्लीकडे पाहावे लागेल. तोवर महाराष्ट्राने हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. तुरुंग हा राज्याचा विषय, राज्याची नोकरभरती राज्याची, पोलिसांचा दाखलाही राज्याचाच. साक्षांकन नमुन्यातून निर्दोष सुटलेल्या प्रकरणांचा प्रश्न काढून टाकता येईल. शिक्षा झालेल्यांसाठी मुदत ठरवता येईल आणि त्या मुदतीपलीकडचे विचारू नका, असे सांगता येईल. पडताळणीच्या दाखल्यात पदाशी संबंध असलेलीच दोषसिद्धी नोंदवावी. पैशाच्या अफरातफरीत शिक्षा झालेल्याला रोखपाल करू नका, मुलांवर अत्याचार करणाऱ्याला शाळेच्या आवारात उभे करू नका. पण तरुणपणी भांडणात डोके फोडलेला माणूस एसटीच्या कार्यशाळेत पत्रा का ठोकू शकत नाही, याचे उत्तर कोणा तरी अधिकाऱ्याला लेखी द्यायला लावा. नकाराला कारण द्यावे लागले की निम्मे नकार आपोआप गळून पडतील. आणि नेमणूक देणाऱ्या अधिकाऱ्याला व मालकाला संरक्षण द्या: नियम पाळून माणूस घेतला असेल तर पुढच्या त्याच्या गुन्ह्याचा ठपका यांच्यावर येणार नाही. टेबलखुर्च्या विकत घेणाऱ्या सरकारने त्या बनवणाऱ्यांपैकी काहींना आपल्याच महामंडळांत आणि ठेक्यांत काम देऊन सुरुवात केली, तर खासगी मालकांना उपदेश करण्याचा अधिकार त्याला येईल.

यात उपकार कोणावरही नाहीत. सुटलेला माणूस कुठे तरी जाणारच, आणि कोणी तरी त्याला कामावर ठेवणारच. चारित्र्याचा दाखला न मागणारा, पूर्वेतिहासाला अनुभव समजणारा आणि पगार रोख देणारा एक धंदा प्रत्येक शहरात आहे. कित्येकदा त्याची भरती बराकीतच सुरू होते. त्याच्याशी स्पर्धा करायची की त्याला माणसे पुरवत राहायची, एवढाच निर्णय सरकारने आणि मालकांनी घ्यायचा आहे.